गावचे वाचनालय : खातरजमा करण्याची जागा



इस्लामपूरला आपले येणे-जाणे नेहमीचेच. तहसील कचेरीत उताऱ्याचे काम असते, बँकेत कर्जाचे नवे-जुने करायचे असते, खत-औषध न्यायचे असते, मुलांची फी भरायची असते. काम लवकर उरकले तर पुढची एस.टी. येईपर्यंत तासभर स्टँडवर बसून जातो. या कामांच्या यादीत वाचनालयाचे नाव मात्र सहसा नसते. वाचनालय म्हणजे पेन्शनरांनी वर्तमानपत्र चाळण्याची किंवा कादंबऱ्या बदलून नेण्याची जागा, शेतकऱ्याचा तिथे काय संबंध, असा आपला समज झालेला आहे.

(वाळवा तालुक्याच्या या मुख्य ठिकाणाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ साली जाहीर केला. लोकांच्या बोलण्यात रुळलेले नाव म्हणून या लेखात इस्लामपूर असेच लिहिले आहे.)

हा समज दूर व्हावा, हा या लेखाचा हेतू आहे. वाचनालयाने माणसाच्या आयुष्यात नेमका काय फरक पडतो? एका वाक्यात सांगायचे तर, ऐकीव माहितीवर चालणारा माणूस स्वतः खातरजमा करू लागतो. हा फरक छोटा वाटतो, पण त्याचा परिणाम जमिनीवर, खिशावर, मुलांच्या शिक्षणावर आणि घरातील बाईच्या हक्कावरही होतो. कसा, ते पाहू.

एक उदाहरण : जिप्समचा खर्च

समजा, कृष्णाकाठी आपली दोन एकर भारी काळी जमीन आहे. वडिलांच्या वेळी तिथे ऊस उत्तम येई. गेल्या काही वर्षांत मात्र उगवण विरळ होते, पिकात चट्टे पडतात, उन्हाळ्यात वरंब्यावर पांढरा थर दिसतो. शेजारी म्हणतो, "खार फुटलाय, जिप्सम टाका." दुकानातही तेच सांगतात. आपण ट्रॉली भरून जिप्सम आणतो, मजूर लावून पसरतो. पुढच्या हंगामात पाहावे तर फरक नाही. पैसे गेले, वर्ष गेले आणि "जिप्समचा काही उपयोग नसतो" असा उलटा ग्रह मात्र पक्का झाला.

चूक कोठे झाली? पाण्याच्या अतिवापराने आणि निचरा नसल्याने बिघडणाऱ्या जमिनी एकाच प्रकारच्या नसतात. त्यांचे तीन प्रकार आहेत :

१) क्षारयुक्त जमीन : विद्राव्य क्षार जास्त असतात. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, सामू ८.५ पेक्षा कमी आणि विनिमययोग्य सोडिअमचे प्रमाण १५ टक्क्यांपेक्षा कमी असते. पृष्ठभागावर पांढरा थर येतो.

२) चोपण जमीन : विद्युत वाहकता ४ पेक्षा कमी, पण सामू ८.५ पेक्षा जास्त आणि विनिमययोग्य सोडिअम १५ टक्क्यांपेक्षा जास्त असते. ओली असताना चिकट, वाळली की दगडासारखी टणक होते. पाणी मुरत नाही, वर साचून राहते.

३) क्षारयुक्त-चोपण जमीन : यात क्षारही जास्त आणि विनिमययोग्य सोडिअमही १५ टक्क्यांपेक्षा जास्त असते.

जिप्सममधील कॅल्शिअम हा मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडिअमची जागा घेतो. म्हणून जिप्सम हा चोपण जमिनीवरचा उपाय आहे. केवळ क्षारयुक्त असलेल्या जमिनीत मूळ गरज असते ती चर काढून किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा करण्याची आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढण्याची. निचरा न करता नुसते जिप्सम टाकले तर खर्च वाया जातो. चोपण जमिनीतही सुटलेले सोडिअम वाहून जायला निचरा हवाच आणि जिप्सम किती टाकायचे हे माती परीक्षणावरून ठरवायचे असते, शेजाऱ्याने किती टाकले यावरून नव्हे.

यात आणखी एक मेख आहे. वर दिलेला ४ हा आकडा संपृक्त अर्काचा आहे. अनेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी या प्रमाणात अर्क काढून वाहकता मोजतात. पाणी जास्त असल्याने तो आकडा कमी येतो. अहवालात कमी आकडा पाहून "आपली जमीन ठीक आहे" असे समजणे म्हणूनच घातक ठरते. अहवाल ज्या पद्धतीचा, त्याच पद्धतीच्या तक्त्याशी तो ताडून पाहावा लागतो.

हे सर्व ज्ञान गुप्त नाही. मृदशास्त्राच्या मराठी पुस्तकांत आणि विद्यापीठाच्या प्रकाशनांत ते छापलेले आहे. तालुक्याच्या वाचनालयात अर्धा तास बसून माती परीक्षणाचा कागद पुस्तकातील तक्त्याशेजारी ठेवला असता, तर त्या ट्रॉलीचे पैसे निचऱ्याच्या चराला लागले असते. वाचनालय जमीन सुधारत नाही, पण कोणता प्रश्न घेऊन कोणाकडे जायचे हे ते शिकवते. कृषी सहायकाला किंवा संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञाला "ऊस पिवळा पडलाय, काय टाकू?" असे विचारणे वेगळे आणि "माझ्या मातीचा सामू ८.९ आहे, वाहकता कमी आहे, जिप्समची गरज तपासून मिळेल का?" असे विचारणे वेगळे. दुसऱ्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते.

मोबाईल असताना वाचनालय कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. आज हातोहाती मोबाईल आहे आणि हवामान, बाजारभाव, शासकीय योजनांचे अर्ज यांसाठी तो उपयोगीही आहे. पण मोबाईलवर आलेल्या शेतीच्या चित्रफितीत पुष्कळदा तीन गोष्टी कळत नाहीत : सांगणारा कोण, तो कोणत्या भागातील जमिनीबद्दल बोलतो आहे आणि तो काही विकतो आहे का. दुसऱ्या राज्यातील हलक्या जमिनीतील प्रयोग आपल्या भारी काळ्या जमिनीत तसाच्या तसा लागू पडत नाही.

पुस्तकावर लेखकाचे नाव असते, प्रकाशित करणारी संस्था असते, वर्ष असते. चूक निघाली तर कोणाला विचारायचे हे ठाऊक असते. दोन पुस्तके शेजारी ठेवून ताडून पाहता येतात.

छापलेले आहे म्हणून सगळे खरे, असेही मात्र मानू नये. पुस्तक उघडल्यावर प्रथम त्याचे वर्ष पाहावे. कीड नियंत्रणाच्या जुन्या पुस्तकांत एंडोसल्फानची शिफारस सर्रास आढळते. त्या कीटकनाशकावर आपल्या देशात २०११ साली बंदी आली. जमिनीचे गुणधर्म, पिकाची वाढ, किडीचा जीवनक्रम ही माहिती जुन्या पुस्तकातही उपयोगी असते, पण औषधे, जाती, अनुदाने आणि कायदे यांबाबत नवीनच प्रकाशन पाहावे. वाचणाऱ्याला हळूहळू हा विवेक येतो आणि मग तो मोबाईलही अधिक शहाणपणाने वापरतो.

आपल्या भागाची परंपरा

सार्वजनिक वाचनालय ही काही काल-परवाची कल्पना नव्हे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे, साताऱ्याचे नगर वाचनालय १८५२ सालचे आणि सांगलीचे १८६९ सालचे. म्हणजे कृष्णा-वारणेच्या या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दीडशे वर्षांहून जुनी ग्रंथालये आहेत. त्या काळी मात्र ही ग्रंथालये शहरातील शिकलेल्या मंडळींची होती. शेतकऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत पुस्तक पोहोचले नव्हते.

ते पोहोचवण्याचे मोठे काम एका शेतकऱ्याच्या मुलाने केले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे १८६३ साली जन्मलेला गोपाळ १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि महाराजा सयाजीराव गायकवाड झाला. दत्तक जाईपर्यंत त्यांचे शिक्षण झालेले नव्हते. म्हणूनच की काय, अक्षराची किंमत त्यांना पुरती कळली होती. त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या तज्ज्ञाला बोलावून १९१० साली संस्थानात स्वतंत्र ग्रंथालय खाते सुरू केले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय आणि खेड्यापाड्यांत गावची वाचनालये उभी राहिली. जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरवल्या जात. गावाने वर्गणी जमवावी आणि सरकारने तीत भर घालावी, हे या योजनेचे सूत्र होते. फुकट दिलेले टिकत नाही, गावाचा हात लागला तरच संस्था जगते, हे त्यामागचे शहाणपण आजही लक्षात घेण्यासारखे आहे.

त्याच विचाराचा धागा आपल्या तालुक्याशीही जुळतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. त्यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४० साली साताऱ्यात सुरू केलेल्या मोफत, वसतिगृहयुक्त हायस्कूलला महाराजा सयाजीरावांचेच नाव दिले. शेतकरी-कष्टकऱ्यांच्या पोरांना शाळा मिळाली. शाळेबाहेर पडलेल्या माणसाची शाळा म्हणजे वाचनालय.

कायद्याच्या बाबतीतही आपला भाग पुढे होता. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. देशातील अशा कायद्यांत तो पहिला मानला जातो. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला. त्यानुसार ग्रंथालय संचालनालय आहे, प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय अधिकारी आहे आणि मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार शासनाचे वार्षिक अनुदान मिळते. २०२२ साली या अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय झाला. वाचनालय चालते ते सदस्यांची वर्गणी आणि हे अनुदान यांवर. म्हणजे आपण सदस्य असो वा नसो, त्यात आपल्या कराचा पैसा आहे. तो वापरला जातो की नाही, हे पाहणे आपलेच काम आहे.

घरातील प्रत्येकाला उपयोग

वाचनालयाचा विचार करताना फक्त शेतीच्या पुस्तकांचा विचार करू नये. घरातील प्रत्येक माणसाची गरज वेगळी असते.

अभ्यास करणारी मुले : दोन खोल्यांचे घर, एका कोपऱ्यात टी.व्ही., दुसऱ्या कोपऱ्यात पाहुणे. अशा घरात दहावी-बारावीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या मुलाने अभ्यास कोठे करायचा? वाचनालयाची अभ्यासिका ही अशा मुला-मुलींना मिळालेली शांत खोली आहे. महागडी पुस्तके एकट्याने विकत घ्यायची गरज उरत नाही, तीच एक प्रत दहा जण वापरतात. मुलींच्या दृष्टीने तर गावातच, ओळखीच्या माणसांच्या नजरेसमोर बसण्याची सोय असली की घरचे नाही म्हणत नाहीत. स्पर्धा परीक्षेत सर्वांनाच नोकरी लागत नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. पण दोन वर्षे नेटाने वाचलेला मुलगा पुढे शेती करो की दुकान टाको, अर्ज, करार आणि हिशेब यांत सहजी फसत नाही.

घरातील महिला : शेतातील निम्म्याहून अधिक काम बाई करते, पण माहिती मात्र तिच्यापर्यंत पुरुषांच्या तोंडून पोहोचते. बचत गटाचे हिशेब, शेळी-कोंबडीपालन, हळदीची प्रक्रिया, आहार आणि बाळंतपणातील काळजी यांवर मराठीत सोपी पुस्तके आहेत. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीलाही मुलाइतकाच हक्क दिला. ही गोष्ट अनेक बहिणींना हक्कसोड पत्रावर सही करून झाल्यावर कळते. सही करायची की नाही हे तिने ठरवावे, पण कशावर सही करतो आहोत ते आधी वाचलेले असावे. वाचनालय दुपारच्या वेळी तासभर महिलांसाठी उघडे ठेवले किंवा पुस्तके घरपोच बदलून देण्याची व्यवस्था केली, तर हा वाचकवर्ग मोठा आहे.

वडीलधारी माणसे : काम हातून सुटले की म्हातारा माणूस घरात अडगळीसारखा होतो. सकाळी वाचनालयात चार समवयस्क भेटतात, पेपर वाचला जातो, बोलणे होते. औषधाच्या गोळीने जे होत नाही ते कधी कधी या तासाभराने होते.

ज्यांना वाचता येत नाही ते : त्यांचाही वाचनालयावर हक्क आहे. आपल्याकडे श्रावणात देवळात पोथी लावतात. एक जण वाचतो, एक जण अर्थ सांगतो, पन्नास जण ऐकतात. ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना अक्षर येत नसते, पण कथा त्यांना तोंडपाठ असते. हीच रीत शेतीच्या मासिकासाठी वापरता येते. आठवड्यातून एका संध्याकाळी हंगामाला धरून एक लेख मोठ्याने वाचावा आणि त्यावर चर्चा करावी. खर्च काही नाही.

अक्षराने माणूस कोठून कोठे जातो याचे उदाहरण आपल्या तालुक्यातच आहे. वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांना शाळा जेमतेम लाभली. मुंबईच्या कामगार वस्तीत राहून, मिळेल ते वाचत त्यांनी स्वतःला घडवले. त्यांच्या 'फकिरा' या कादंबरीला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. सगळेच लेखक होणार नाहीत, व्हायची गरजही नाही. पण शाळा सुटली म्हणजे शिक्षण संपले, हे खरे नाही एवढे त्यांच्या उदाहरणावरून पटावे.

भिलार : स्ट्रॉबेरीच्या गावातील पुस्तके

शेतकऱ्यांचे गाव आणि पुस्तके यांची सांगड कशी बसते हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर पाचगणीजवळच्या भिलारला जाऊन यावे. सातारा जिल्ह्यातील हे गाव स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचे गाव' म्हणून जाहीर झाले. वेल्समधील हे-ऑन-वे या गावावरून ही कल्पना सुचली. फरक असा की तिथे पुस्तकांची दुकाने आहेत, तर भिलारला पुस्तके वाचण्यासाठी मोफत ठेवली आहेत. त्यासाठी वेगळी मोठी इमारत बांधली नाही. गावकऱ्यांनी आपल्या घरातील पडवी, खोली, तसेच देऊळ, शाळा आणि लॉज यांत जागा दिली. सुरुवातीला अशी २५ ठिकाणे होती. कोठे कथा-कादंबऱ्या, कोठे इतिहास, कोठे बालसाहित्य, अशी वाटणी केली. शासनाने पुस्तके, कपाटे आणि खुर्च्या दिल्या. कोणीही जावे, बसावे आणि वाचावे.

नंतर ही योजना इतर गावांसाठीही आखण्यात आली. त्यात सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्याच्या अंकलखोपची निवड झाली. कृष्णाकाठचे हे गाव इस्लामपूरपासून लांब नाही.

भिलारपासून शिकायचे ते एवढेच : इमारत नाही म्हणून वाचनालय अडत नाही. सोसायटीची रिकामी खोली, तालमीचा माळा, देवळाची ओवरी, दूध संस्थेच्या कार्यालयाचा कोपरा, यांतून सुरुवात होऊ शकते. दुधाच्या संस्थेत तर सकाळ-संध्याकाळ सारे गाव येते. दूध घालायला आलेला माणूस पुस्तक बदलून नेऊ शकतो.

वाचनालय कसे वापरावे?

१) सदस्य व्हा. अनामत रक्कम आणि मासिक वर्गणी बहुतेक ठिकाणी अल्प असते, औषधाच्या एका फवारणीच्या मानाने तर काहीच नाही. वाचनकक्षात बसून वृत्तपत्रे-मासिके वाचण्यास सहसा पैसे पडत नाहीत.

२) पुस्तक कोठे ठेवले आहे ते समजून घ्या. बऱ्याच ग्रंथालयांत पुस्तकांच्या पाठीवर विषयाचा क्रमांक असतो. दशांश वर्गीकरण पद्धतीत शेतीचा क्रमांक ६३० आहे. त्यात ६३१ खाली माती व मशागत, ६३२ खाली रोग-किडी, ६३३ खाली ऊस, धान्ये यांसारखी शेतातील पिके, ६३४ खाली द्राक्ष-डाळिंबासारखी फळझाडे, ६३५ खाली भाजीपाला आणि ६३६ खाली पशुपालन येते. एवढे सहा आकडे लक्षात ठेवले तर अनोळखी ग्रंथालयातही आपले कपाट सापडते.

३) ग्रंथपालाला विचारा. लाजू नका. "निचऱ्याबद्दल काही आहे का?" असे सरळ विचारावे. पुस्तक नसेल तर मागणी वहीत नाव लिहावे. मागणीच नसेल तर खरेदीच्या यादीत शेतीची पुस्तके येणार कशी?

४) वही-पेन घेऊन जा. पुस्तकाचे नाव, वर्ष, पान आणि उपयोगी आकडे टिपून ठेवावेत. माती व पाणी परीक्षणाचे अहवाल त्याच वहीत चिकटवावेत. चार-पाच वर्षांत ही वही आपल्या शेताचे स्वतःचे पुस्तक होते.

५) कृषी विद्यापीठाची कृषिदर्शनी, कृषी विभागाचे 'शेतकरी' मासिक, तसेच आपल्या जवळच्या संशोधन केंद्रांची प्रकाशने वाचनालयात येतात का ते पाहावे. फलटण तालुक्यातील पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचे आहे. मिरज तालुक्यात कसबे डिग्रज येथे हळदीवर संशोधन होते. इतके जवळचे ज्ञान आपल्या कपाटात नसावे, ही चांगली गोष्ट नाही.

६) पुस्तक वेळेवर परत करा. पाटाच्या पाण्याची पाळी चुकवली तर खालच्या शेतकऱ्याचे पीक वाळते. पुस्तकाचेही तसेच आहे. आपल्या घरात धूळ खात पडलेल्या पुस्तकाची कोणी तरी वाट पाहत असतो.

वाचनालय असून बंद असेल तर?

अनेक गावांत पाटी आहे, कुलूपही आहे, पण वाचक नाही. हा दोष एकट्या ग्रंथपालाचा नसतो. छोट्या वाचनालयातील ग्रंथपालाला मिळणारे मानधन फार तुटपुंजे असते, तोही शेती किंवा दुसरे काम सांभाळून कुलूप उघडतो. पुस्तके नवीन नाहीत म्हणून वाचक येत नाहीत, वाचक नाहीत म्हणून वर्गणी नाही, वर्गणी नाही म्हणून नवीन पुस्तके नाहीत. गाळाने भरलेल्या विहिरीसारखी ही अवस्था होते. झरे जिवंत असतात, पण उपसा नसल्याने पाणी कुजते.

सार्वजनिक वाचनालय ही बहुधा नोंदणीकृत संस्था असते. तिला घटना असते, कार्यकारी मंडळ असते आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा होते. सदस्याला त्या सभेत बसण्याचा, हिशेब विचारण्याचा आणि मत देण्याचा अधिकार आहे. साखर कारखान्याच्या आणि सोसायटीच्या सभेला आपण गर्दी करतो, हात वर करून प्रश्न विचारतो. वाचनालयाच्या सभेला किती जण जातो? गावातील वीस-पंचवीस तरुण शेतकऱ्यांनी एकत्र सदस्यत्व घेतले, सभेला हजेरी लावली आणि "खरेदीच्या दहातील दोन पुस्तके शेतीची असावीत, संध्याकाळी दिवेलागणीनंतर दोन तास वाचनालय उघडे असावे" अशा दोनच मागण्या मांडल्या, तरी चित्र बदलू लागते. कारण दिवसा उघडणारे आणि संध्याकाळी बंद होणारे वाचनालय शेतकऱ्याच्या कामाचे नाही.

नवीन वाचनालय काढायचे असल्यास नोंदणी आणि शासनमान्यतेच्या अटी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातून समजून घ्याव्यात. मान्यता मिळेपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. एक कपाट, शंभर पुस्तके, एक नोंदवही आणि एक जबाबदार माणूस एवढ्यावर काम सुरू होते. वाढदिवस, बारसे, वास्तुशांत यांच्या निमित्ताने एकेक पुस्तक द्यायची प्रथा पाडली तर भर पडत राहते.

पुराची आठवण ठेवा

आपला तालुका कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मध्ये आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयात पाणी शिरले आणि दुर्मीळ ग्रंथांसह हजारो पुस्तके भिजून गेली. दीडशे वर्षे जपलेला ठेवा काही दिवसांत चिखल झाला. भिजलेले धान्य पुढच्या हंगामात पुन्हा पिकते, पण एकमेव उरलेली प्रत गेली की कायमची गेली. म्हणून नदीकाठच्या गावांनी पुस्तके शक्यतो वरच्या मजल्यावर ठेवावीत. तळमजलाच असेल तर जुने व दुर्मीळ ग्रंथ सर्वांत वरच्या फळीवर असावेत. पुस्तकांच्या यादीची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी आणि पुराचा इशारा मिळताच पुस्तके कोणी, कोठे हलवायची हे पावसाळ्यापूर्वीच ठरवावे. जनावरे हलवायची आखणी आपण करतो, तशीच ही करावी.

थोडक्यात महत्त्वाचे

• कोणताही मोठा खर्च करण्यापूर्वी ऐकलेली माहिती एकदा छापील तक्त्याशी ताडून पाहा, मग तज्ज्ञाला नेमका प्रश्न विचारा.
• पुस्तक उघडल्यावर प्रथम त्याचे वर्ष पाहा. औषधे, जाती आणि कायदे यांसाठी नवीन प्रकाशनच वापरा.
• घरातील किमान एक महिला व एक विद्यार्थी वाचनालयाचा सदस्य असावा.
• मागणी वहीत शेतीच्या पुस्तकांची नावे लिहा आणि वार्षिक सभेला हजर राहा.
• आठवड्यातून एकदा सामूहिक वाचन ठेवा.
• नदीकाठी पुस्तके उंचावर ठेवा.

बंधू-भगिनींनो, वाचनालयाने उसाचा उतारा एका रात्रीत वाढत नाही. विहीर खणल्याबरोबर तरी कोठे पीक येते? पण गावात पाणी आहे हे ठाऊक असलेला माणूस जसा धीराने नांगर धरतो, तसाच अडलेला प्रश्न कोठे तपासायचा हे ठाऊक असलेला माणूस धीराने निर्णय घेतो. पुढच्या वेळी इस्लामपूरला याल तेव्हा माती परीक्षणाचा अहवाल पिशवीत टाका. काम उरकले आणि एस.टी.ला वेळ असला, तर स्टँडवर न बसता वाचनालय गाठा आणि ६३१ क्रमांकाचे कपाट कोठे आहे ते विचारा. सुरुवात एवढ्यानेच होते.